चार मोकळ्या तारा

ज्याला हे दुखणं झालंय किंवा ज्याच्या घरात कुणाला झालंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण मध्येच दमून थांबलो तर समजून घ्या. या दुखण्यात बाकी सगळं जातं, दमणं तेवढं जात नाही. बरा होऊन तीन वर्षं झाली, तरी दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसात माझे डोळे मिटायला लागतात आणि शेजारचा इजिप्शियन इंजिनिअर मला मुकाट्याने चहा आणून देतो.

आजाराचं नाव लांबलचक आणि फ्रेंच आहे. डॉक्टर त्याला जीबीएस म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे यात शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. पायांपासून वर चढत जातं, आणि नशीब असेल तर आल्या वाटेनं उतरतं. याहून जास्त मला कळत नाही. जे पुस्तकात आहे ते पुस्तकात वाचावं.

मी श्रीकांत. मूळचा चिंचवडचा, ब्याण्णवपासून इथे. दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन आहे आणि राहतो शारजात, अल नहदाला, सातव्या मजल्यावर. खिडकीतून दुबईची हद्द दिसते. ती ओलांडायला सकाळी एक तास लागतो. बायको सुलभा दुबईतच एका शिपिंग ऑफिसात आहे. मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची होती.

आणि मी बँजो वाजवतो. हे सांगितलं की आपली माणसं गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो समजतात आणि लगेच नाचायच्या बेतात येतात. तो नव्हे. माझा अमेरिकन, पाच तारांचा, ढोलकीसारखं तोंड आणि लांब मान असलेला. आमच्या कंपनीतले एक म्हातारे अमेरिकन इंजिनिअर, वॉल्टर, निवृत्त होऊन परत जाताना मला तो देऊन गेले. त्याआधी दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शिकवलं होतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाने हे असलं काही शिकावं, यावर सुलभाचं मत तेव्हाही फारसं चांगलं नव्हतं.

*सुट्टीत दाखवू*

नव्याण्णवच्या जूनमध्ये पोट बिघडलं आणि आपोआप बरं झालं. त्यानंतर आठवड्याभरात एका शनिवारी सकाळी तळपायांना मुंग्या आल्या. आमचं विमान बारा दिवसांवर होतं.

इथे राहणाऱ्या माणसाला पुढचं सांगायला नको. आम्ही दुखणी वर्षभर साठवतो आणि सुट्टीत गावी नेतो. दात, चष्मा, गुडघा, रक्ताची तपासणी, सगळं चिंचवडला. तिथे आपला डॉक्टर आहे, त्याला आपला बाप माहीत आहे, तो मराठीत ओरडतो. म्हणून पायांना मुंग्या आल्या तेव्हा मी म्हटलं, सुट्टीत दाखवू. सोमवारी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. मंगळवारी बँजो घेऊन बसलो, तर तार छेडायची अंगठ्यातली नखी दोनदा गळून पडली. मी नखी सैल झाली म्हणून तिला शिव्या दिल्या. बुधवारी बसथांब्यापाशी फुटपाथ चढता येईना, तेव्हा एका पठाणाने काखेत हात घालून मला वर घेतलं. सुलभा रोज डॉक्टरकडे चला म्हणत होती आणि मी रोज तिला तिकिटं दाखवत होतो.

गुरुवारी संध्याकाळी बाथरूममधून उठता आलं नाही. सुलभा आणि वॉचमन यांनी मिळून मला बाहेर काढलं. त्या अवस्थेतही मी म्हणत होतो की आता सातच दिवस राहिलेत.

हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. मुंग्या वर चढायला लागल्या तर विमानाची वाट बघू नका. बाकी या लेखातलं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

*हातोडी*

हॉस्पिटलातले डॉक्टर सुदानी होते, उंच आणि मऊ आवाजाचे. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. मग घोट्यांवर, मग कोपरांवर. कुठेच काही नाही. तपासणी चालू असताना मी त्यांना मदत व्हावी म्हणून स्वतःहून पाय उडवायचा प्रयत्न केला, पण तेही जमलं नाही. तिथे मी पहिल्यांदा घाबरलो.

त्यांनी आजाराचं नाव इंग्रजीत सांगितलं, कागदावर लिहून सुलभाच्या हातात दिलं. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो, म्हणाले. सुलभाने विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, इन्शाल्ला. ती म्हणाली, महिने की वर्षं? ते पुन्हा इन्शाल्लाच म्हणाले. सुलभाला त्या शब्दाचा फार राग आला. ऑफिसात तोच शब्द ती ग्राहकांना दिवसातून पन्नास वेळा ऐकवते, हे मी त्या वेळी बोललो नाही.

मी एवढंच विचारलं, की हात परत येतील ना. पुढचे तीन महिने मी प्रत्येक माणसाला तेच विचारत राहिलो. पायांचं मला फारसं वाटत नव्हतं. चालता आलं नाही तर खुर्चीत बसेन. हात नसले तर ना नोकरी, ना बँजो. आणि खरं सांगतो, त्या खाटेवर माझ्या डोक्यात बँजो आधी यायचा.

*एका श्वासात*

पहिले बारा दिवस वाईट होते. दुखणं वर चढत होतं आणि ते छातीपर्यंत गेलं तर मशीन लावावं लागणार होतं. म्हणून केरळची एक सिस्टर दर चार तासांनी यायची आणि एका श्वासात आकडे मोजायला लावायची. पहिल्या दिवशी मी बत्तीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी चोवीस. मग अठरा. मग चौदा. शाळेत कधी परीक्षेची भीती वाटली नाही तेवढी त्या मोजणीची वाटायची. घाबरलो की इंग्रजी आकडे सुटायचे आणि मी मराठीत अकरा, बारा करायचो. सिस्टरला ते कळत नसे, ती बोटांवर मोजायची.

बाराव्या दिवशी तेरा झाले. तेराव्या दिवशीही तेराच. सिस्टर म्हणाली, "आज नीचे नहीं गया, अंकल." ती निघून गेल्यावर मी रडलो, आणि डोळे पुसायला हात उचलेना म्हणून तसाच ओला पडून राहिलो.

दिवस कसे गेले विचाराल तर कूस बदलण्यावर गेले. दर दोन तासांनी दोघे येऊन मला उलटं करायचे. पाहुणे यायचे, द्राक्षं आणायचे, कुणाच्या तरी मेव्हण्याला असंच झालं होतं ते सांगायचे आणि तो मेव्हणा मेला होता हे अर्ध्या वाटेत आठवलं की विषय बदलायचे. चिंचवडला आईला पाठ लचकली असं सांगितलं होतं. तिकिटं रद्द झाली.

सुलभा ऑफिस सुटल्यावर बसने हद्दीवरची गर्दी पार करून यायची. भेटायची वेळ आठपर्यंत, ती साडेसातला पोहोचायची. मी तिला विचारायचो, डॉक्टर हातांबद्दल काही बोलले का. ती म्हणायची, नाही. मग ती मला चमच्याने भात भरवायची आणि आठ वाजायचे.

एक गोष्ट मात्र मला तिथे उपयोगी पडली. डोळे मिटून मी वॉल्टरने शिकवलेली सरगम मनात वाजवायचो. प्रत्येक बोट कुठे जाईल, कुठली तार, कितवा पडदा. हे असं करून नसांना काही कळतं का, मला माहीत नाही. मला झोप लागायची, एवढं खरं.

*ती सरगम*

ती सरगम थोडी समजावून सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेटीवर जसे सूर एकापुढे एक ओळीत असतात, तसे ते एकाच तारेवर सरकत सरकत वाजवता येतात. वॉल्टरच्या पद्धतीत ते चालत नाही. तिथे प्रत्येक सूर वेगळ्या तारेवर घ्यायचा, लागोपाठचे दोन सूर एका तारेवर नकोत. त्यामुळे आधीचा सूर वाजत असतानाच पुढचा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. ऐकायला झऱ्यासारखं लागतं. शिकायला मात्र तारांवर उलटसुलट उड्या मारायच्या असतात, चढता सूर कधी खालच्या जाड तारेवर सापडतो.

आता यातली गंमत अशी की आठ सुरांतले चार मोकळ्या तारांवर आहेत. सा, ग, प आणि वरचा सा. त्यांना डाव्या हाताचं बोट लागतच नाही, तार नुसती छेडायची. रे आणि म यांना बोट लागतं, पण त्यांच्या आगेमागे मोकळी तार असते, बोटाला जागा बदलायला वेळ मिळतो. फक्त ध आणि नी लागोपाठ दाबायचे असतात. तिथे मध्ये विसावा नाही.

वॉल्टरकडे शिकताना हे मला कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर यावरच माझं सगळं उभं राहिलं.

*घर*

सप्टेंबरमध्ये घरी आलो, चाकाच्या खुर्चीतून. उजव्या हाताची बोटं हलत होती, डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. जॉली नावाचा मल्याळी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायचा. त्याने स्पंजचा चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले, मूग-तांदूळ एकत्र करून निवडायला दिले. मी एक दिवस निवडले आणि कंटाळलो. कोपऱ्यातल्या बँजोकडे बोट दाखवून त्याने विचारलं, ये क्या है. मी सांगितलं. तो म्हणाला, "तो साब, यही करो ना. चावल क्यों चुन रहे हो?"

त्या दिवशी त्याने बँजो माझ्या मांडीवर उशा लावून बसवला. नख्या घालायची ताकद नव्हती. नुसत्या बोटाने सा छेडला. मग ग. मग प. वरच्या सा ची तार अंगठ्यापाशीच असते, ती नुसता अंगठा खाली पडला तरी वाजते. चार सूर. डावा हात मांडीवरच. एवढ्यावर मी दमलो आणि दोन तास झोपलो.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. मुंग्यांनीच आलेलं हे दुखणं गेलं मात्र त्याहूनही हळू. रे साठी बोट तारेपर्यंत पोहोचायला सहा आठवडे लागले. पोहोचलं तरी दाबता येईना, तार नुसती खरखरायची. रोज सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, सा, खर्र, ग, सा, खर्र, ग. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं नाही हे त्यांचे उपकार.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सई शाळेतून आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, आय विल प्रेस. यू जस्ट प्लक." आणि तिने चवथ्या तारेवर सातव्या पडद्याशी बोट ठेवलं. रे अगदी स्वच्छ वाजला. पाच महिन्यांत मी तो सूर ऐकला नव्हता. मी तिच्यावर ओरडलो. हात लावू नकोस, म्हणालो, आणखीही काही म्हणालो. ती "ओके" म्हणून उठून आत गेली. तिच्या वयाच्या मुलीने बापाला भरवलं होतं, त्याची दाढी केली होती, मैत्रिणींना घरी बोलवणं बंद केलं होतं. आणि मला राग कशाचा आला, तर तिचं बोट माझ्या बोटापेक्षा चांगलं चाललं याचा. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

*सुलभा*

सईने आईला सांगितलं असावं. त्या संध्याकाळी सुलभा आली, पर्स ठेवली, चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली. मी वाजवत होतो. तिने बँजोच्या तारांवर सरळ तळहात ठेवला.

"खलास," ती म्हणाली. "आता माझं ऐका."

मी म्हटलं, वीस मिनिटं पूर्ण होऊ दे.

"पाच महिने झाले. हात, हात, हात. डॉक्टर आले की हात, मी आले की हात. मी बसमध्ये उभी राहून दीड दीड तास येत होते, तुम्ही एकदा तरी विचारलंत, सुलभा, कशी आलीस? आणि आता पोरीवर ओरडता. तुमचे हात परत यावेत म्हणून मी रोज देवाला सांगते हो. पण तुम्ही परत याल की नाही, ते मला कळत नाहीये."

ती आत गेली आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. मग मी सईला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. मी तिची माफी मागितली, मराठीत. ती "इट्स ओके, बाबा" म्हणाली. ओके नव्हतं, पण ती येऊन बसली. मी म्हटलं, दाब. तिने रे दाबला, मी छेडला. मग म. मग ध आणि नी, दोन बोटांनी. माझा उजवा आणि तिचा डावा हात मिळून सबंध सरगम झाली. ती हसली, कारण ते तिला गेम वाटलं. मी हसलो नाही, मला फार दम लागला होता, पण बरं वाटलं.

आजाऱ्याला आपलं दुखणं सगळ्या घराएवढं वाटतं. घरातल्यांचं दुखणं कुणी विचारत नाही. हे सुलभाने मला तोंडावर सांगितलं म्हणून कळलं. तुमच्या घरी सांगणारं कुणी नसेल तर आपणहून विचारा. त्या दिवसापासून मी तिला रोज विचारू लागलो, कशी आलीस? पहिले काही दिवस ती म्हणायची, बसने. नंतर ती खरं सांगायला लागली, आणि ते ऐकायलाही दम लागायचा.

*पाणी*

डिसेंबरात काठी घेऊन चालू लागलो. एका शुक्रवारी कंपनीतल्या एकाने गाडी काढली आणि आम्हाला उम्म अल कुवैनला समुद्रावर नेलं. तिथे गर्दी नसते, पडलो तर बघायला कुणी नाही. सुलभाने एका बाजूने आणि सईने दुसऱ्या बाजूने धरून मला घोटाभर पाण्यात उभं केलं. पाणी गार लागलं. सहा महिन्यांत तळपायांना पहिल्यांदा काही लागलं होतं. मी सुलभाला सांगितलं, गार आहे. ती म्हणाली, डिसेंबर आहे, गारच असणार. तिचा हात मात्र तिने काढून घेतला नाही.

*शेपूट*

फेब्रुवारीत अर्धा दिवस कामाला लागलो. कंपनीने माझी जागा ठेवली होती, याबद्दल मी ऋणी आहे. माउस धरता येतो, सही करता येते, शर्टाची बटणं लागतात, वरचं सोडून. लोक विचारतात, हात परत आले का. मी हो म्हणतो, कारण त्यांनाही घरी जायचं असतं.

खरं उत्तर असं आहे की हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. रे आला, म आला, ध आला. नी येत नाही. ध वर एक बोट ठेवून लगेच शेजारच्या तारेवर दुसरं ठेवायचं असतं, आणि ते दुसरं बोट तिथवर जातं आणि उभं राहतं, दाबत नाही. जॉलीने दोन वर्षं प्रयत्न केले. सुदानी डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत माझं बोट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, याच्याहून फार सुधारेल असं वाटत नाही. या वेळी ते इन्शाल्ला म्हणाले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं. घरी येऊन आठवडाभर बँजोला हात लावला नाही.

मग पुन्हा लावला, कारण दुसरं काय करणार. आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं वाजवतो. सा रे ग म प ध, मग एक रिकामी जागा, मग सा. नी ची जागा मी मोकळी सोडतो. चुकीचा सूर वाजवण्यापेक्षा ते बरं.

सुलभा आयुष्यात कधी गायलेली नाही. आरतीलाही ती टाळ्या वाजवते आणि ओठ हलवते, आणि माझ्या बँजोबद्दलचं तिचं मत आजही चांगलं नाही. मागच्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती, मी बाहेर वाजवत होतो. ध पर्यंत गेलो, थांबलो, आणि आतून, नळाच्या आवाजातून, नी आला. बारीक, जरा बेसूर, पण नेमका वेळेवर. मी अंगठ्याने सा घेतला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ध ला पोहोचलो, आणि आतून पुन्हा नी. तीन वर्षं रोज ती मोकळी जागा ऐकून तो तिच्या तोंडात बसलाय आणि आपण गातोय हे तिला ठाऊकही नाही.

माझे हात तिथेच थांबले. आतून तिने विचारलं, "अहो, थांबलात का? दमलात?"

मी म्हटलं, नाही, आणि पुन्हा सा पासून सुरू केलं.